विचारा की! कार्ड, कार्डावरचा फोटो आणि वाडीतल्या अफवा

मागच्या अंकात आपण आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य या मोफत उपचारांच्या सरकारी योजनांवर एक छोटी चौकट छापली होती, कागदपत्रं काय लागतात एवढीच. त्यावर इतके मेसेज आणि पत्रं आलीत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. अर्ध्या पत्रांत प्रश्न आहेत, अर्ध्यांत भांडण, आणि दोन्ही घेतलंय. नाव छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय म्हणून नुसती गावं देतेय.

प्रश्न (वेंगुर्ले): ताईनू, आमच्या वाडयेत आयुष्मान कार्डाचो कॅम्प लागलो. शेजारीण म्हणता, ह्यां कार्ड काढलां काय रेशन बंद होतला आणि बँकेतले पैसे पण कापून घेतले. घोवान तर आधार कार्डच लपवन ठेवल्यान हा. काय करू?

उत्तर: मावशी, घोवाक सांगा, आधार कार्ड भायर काढ! रेशन बंद होत नाही, बँकेचा आणि या कार्डाचा काही संबंधच नाही, खातं नंबर कुणी मागितला तर देऊच नका. कॅम्पमध्ये समोर बसून अंगठा किंवा आधारचा ओटीपी घेतात ते ठीक आहे, पण घरी फोन करून कुणी ओटीपी मागायला लागला तर सरळ फोन ठेवा.

आता ही अफवा आली कुठून ते सांगते, कारण शेजारणीला वेडी म्हणून काही होणार नाही. रेशनची ई-केवायसी आणि आयुष्मान कार्ड ही दोन्ही कामं बऱ्याच गावांत एकाच ई-सेवा केंद्रात होतात, तोच मुलगा, तेच अंगठ्याचं मशीन. आणि ई-केवायसी केली नाही तर रेशनवरचं नाव अडकतं हे खरंच आहे ना! काजूच्या फॅक्टरीत काम करणाऱ्या बायकांची बोटं बघा, चिकाने कातडी सोललेली, काळी पडलेली, ठसा उमटतच नाही, मशीन लाल दिवा दाखवतं, मुलगा म्हणतो उद्या या. उद्या पण तेच. मग रेशन दुकानात काहीतरी अडतं आणि रांगेतली दुसरी बाई सांगते, अगं परवा तू ते कार्ड काढायला गेलेलीस ना, त्यानेच झालं. झाली अफवा तयार, यात खोटं कुणीच बोललेलं नाही. ठसा येत नसेल तर ओटीपीवर किंवा चेहऱ्याच्या फोटोवर काम होतंय का ते विचारा, आणि आधारला मोबाईल नंबर जोडलेला नसेल तर आधी तो जोडून घ्या.

प्रश्न (देवगड): राजीव गांधी योजना, महात्मा फुले योजना, आयुष्मान. या तीन योजना आहेत की एक? आमच्या नाक्यावर दोन पक्षांचे दोन बॅनर आहेत आणि दोघंही म्हणतात आम्हीच आणली.

उत्तर: दोघंही अर्धं खरं बोलतायत. राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता, रत्नागिरी-सिंधुदुर्गला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा वर्षाला कुटुंबामागे दीड लाखापर्यंतचे उपचार होते. २०१७ ला तिचंच नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान सप्टेंबर २०१८ ला रांचीतून सुरू झाली, पाच लाखांची, आणि एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालवतात. मग २०२३ च्या जूनमध्ये राज्याने ठरवलं की पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशन कार्ड असो, सगळ्यांना पाच लाख, आणि ते जुलै २०२४ पासून लागू झालं.

म्हणजे पिवळं आणि केशरीवाले सोडून बाकीच्यांना यातलं काही नाही हे जे अजून गावागावांत सांगितलं जातं ते जुनं झालं. नाव बदललं, रक्कम बदलली, पात्रता बदलली, आणि प्रत्येक वेळी बॅनर तेवढा नवा लागला, खालची माहिती कुणी समजावून सांगितलीच नाही. फोटोवरून भांडण्यात आपण एकटे नाही म्हणा. पश्चिम बंगालने जानेवारी २०१९ मध्ये आयुष्मानमधून अंग काढून घेतलं त्याचं तात्कालिक कारण काय होतं माहितीय का, पोस्टाने घरोघरी गेलेल्या पत्रांवर पंतप्रधानांचा फोटो होता आणि खर्चाचा चाळीस टक्के वाटा राज्य देणार होतं. ममता बॅनर्जींचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, पैसे दोघांचे तर श्रेय एकाला का. पण यात बाहेरगावी, दुसऱ्या राज्यात कामाला गेलेल्या बंगाली मजुराचं कार्ड गेलं ना, त्याचं काय!

प्रश्न (गुहागर): तुम्ही मागच्या अंकात सरकारची जाहिरातच केलीत. माझ्या भावाला हॉस्पिटलमध्ये नेलं, काउंटरवर सांगितलं ४० हजार डिपॉझिट भरा. कार्ड दाखवलं तर म्हणे इथे चालत नाही. पाच लाख म्हणे! सगळी फसवणूक आहे, आमच्या नेत्यांनी सभेत हेच सांगितलं होतं.

उत्तर: दादा, रागावलात ते बरोबर आहे, पण फसवणूक नक्की कुठे झाली ते बघू. हॉस्पिटलचं नाव तुम्ही लिहिलंय, ते छापत नाही. पण एवढं सांगा, ते हॉस्पिटल योजनेच्या यादीत होतं का? यादीत असलं तरी त्या आजारासाठी होतं का? कारण एखादं हॉस्पिटल हाडांच्या ऑपरेशनसाठी यादीत असतं आणि हृदयासाठी नसतं, काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेत, ते खाजगीत कार्डावर होतच नाहीत. हे सगळं काउंटरवर उभं राहून, पेशंट स्ट्रेचरवर असताना कळतं, आधी कुणी सांगत नाही. सभेत एकच वाक्य असतं, पाच लाखांपर्यंत मोफत उपचार. त्या वाक्यातली गाळलेली माहिती मी भरते: पाच लाख हातात मिळत नाहीत, ते अख्ख्या कुटुंबाचे मिळून वर्षाचे आहेत, अॅडमिट व्हावं लागतं, नुसती ओपीडी, रोजची बीपी-शुगरची गोळी यात येत नाही, आणि ठरलेल्या यादीतले उपचार असावे लागतात. २०२३ च्या निर्णयात ते १,३५६ होते, यादी बदलत राहते.

बरं यादीतल्या हॉस्पिटलने पैसे मागितले असतील तर गोष्ट वेगळी. तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो, बहुतेक दरवाजाजवळ एका छोट्या टेबलावर, कधी कधी टेबल असतं आणि माणूस नसतो. त्याला गाठायचं, नाही भेटला तर तिथूनच १५५३८८ ला फोन लावायचा, घरी येऊन नाही, तिथूनच, डिस्चार्जच्या आधी. पावती असेल तर जपून ठेवा, पावतीशिवाय दिलेले पैसे परत मागणं फार अवघड.

आणि तुमच्या नेत्यांना माझ्याकडून एक प्रश्न विचारा. योजना फसवी आहे म्हणता तर गुहागरपासून तासाभराच्या अंतरात योजनेतली किती हॉस्पिटलं आहेत आणि ती वाढावीत म्हणून तुम्ही कधी विधानसभेत तोंड उघडलंत का. हा विरोध मला आवडला असता. कोकणात खरं दुखणं तेच आहे, कार्ड सगळ्यांकडे येईल पण खाट कुठाय! ॲम्ब्युलन्सने घाट चढून कोल्हापूर गाठायचं किंवा रात्रीच्या रात्री मुंबईला निघायचं, नातेवाइकांचं राहणं-जेवण, बुडालेली मजुरी, हे कुठल्या पॅकेजमध्ये येत नाही. यावर सत्ताधारी गप्प आणि विरोधकही गप्प, दोघं मिळून बॅनरवर भांडणार.

प्रश्न (दापोली): मी मर्चंट नेव्हीतून रिटायर झालोय, मुलगा न्यू जर्सीत असतो. तिकडे इन्शुरन्सचे हाल ऐकून डोकं फिरतं. एवढा शिकलेला देश, मग ओबामाकेअरला लोकांचाच एवढा विरोध का झाला? आपल्याकडे अफवा पसरतात ते समजू शकतो, पण तिकडे?

उत्तर: काका, शिक्षणाचा आणि अफवेचा संबंध आपण समजतो तेवढा नसतो. तिकडचे किस्से ऐका.

ओबामांचा कायदा, जास्तीत जास्त लोकांना आरोग्यविमा मिळावा म्हणून केलेला, मार्च २०१० मध्ये सही होऊन आला. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, ऑगस्ट २००९ मध्ये ओबामांच्या विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या नेत्या सारा पेलिन यांनी फेसबुकवर लिहिलं की सरकारचं एक मंडळ बसणार आणि म्हाताऱ्यांना, अपंगांना जगवायचं की नाही ते ठरवणार. मसुद्यात प्रत्यक्षात काय होतं? शेवटच्या आजारपणात तुम्हाला कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, यावर म्हाताऱ्या पेशंटने स्वतःच्या मर्जीने डॉक्टरशी बोलायचं ठरवलं तर त्या वेळेचे पैसे सरकारी विम्यातून डॉक्टरला मिळतील, बस्स एवढंच. पण बोंब इतकी झाली की ते कलमच काढून टाकावं लागलं. आणि गंमत म्हणजे २०१६ पासून नेमकी तीच गोष्ट साध्या नियमाने सुरू झाली, कुणी बघितलंही नाही.

त्याच उन्हाळ्यात साऊथ कॅरोलायनात एका सभेत एक गृहस्थ उठून खासदाराला म्हणाले, माझ्या मेडिकेअरला सरकारने हात लावायचा नाही! मेडिकेअर म्हणजे ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा, १९६६ पासून सरकारच चालवतंय. हसू येतं, पण आपल्याकडे सिव्हिलमध्ये बाळंतपण फुकट झालेली माणसं सरकार काय देतंय आम्हाला असं म्हणतातच की. फुकट मिळतं ते कुणाचं हे विसरायला होतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवून गेलेला किस्सा मात्र ओबामांच्या वीस वर्षं आधीचा आहे, तो आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही. १९८८ मध्ये रेगन यांनी सही केलेला कायदा, मेडिकेअरवरच्या म्हाताऱ्यांना मोठ्या आजारपणात जास्त संरक्षण, औषधांचा खर्च पण. दोन्ही पक्षांनी मिळून केलेला हो! पण त्याचा खर्च म्हाताऱ्यांकडूनच काढायचा ठरला, उत्पन्नाप्रमाणे, जास्तीत जास्त ८०० डॉलर, ते फक्त वरच्या श्रीमंतांना, निम्म्याहून जास्त लोकांना तो जादा कर लागणारच नव्हता. घरोघरी टपालाने पत्रं गेली आणि लोकांचा समज झाला की ८०० डॉलर सगळ्यांनाच. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत या कायद्याच्या बाजूने असलेले खासदार रोस्टेनकोव्स्की यांची गाडी म्हाताऱ्या माणसांनी अडवली, हातातल्या बोर्डांनी गाडी बडवली, एक आजी बॉनेटवर पडलेल्या, खासदार गाडीतून उतरून चालत सुटले आणि ते टीव्हीवर अख्ख्या देशाने बघितलं. त्याच वर्षाच्या शेवटी कायदा रद्द. ज्यांना तो जादा कर न भरता फायदा होणार होता अशा माणसांनीही आपलाच फायदा बुडवला. आता त्यांना मूर्ख म्हणून मोकळं व्हायचं का? मला नाही वाटत. ज्यांच्याकडे आधीपासून खाजगी पॉलिसी होती त्यांना खरंच दुबार पैसे जाणार होते, त्यांचा राग खरा होता, आणि बाकीच्यांना साध्या भाषेत चार ओळींचा कागद कुणी दिला नाही.

ओबामांच्या वेळीही सगळा विरोध अफवेवर नव्हता हे लिहायलाच हवं. तुमची पॉलिसी आवडत असेल तर तीच ठेवा असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले आणि २०१३ मध्ये लाखो लोकांना पॉलिसी बंद झाल्याची पत्रं आली. वेबसाइट ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली ती पहिल्याच दिवशी आडवी झाली. मधल्या उत्पन्नाच्या ज्या लोकांना सबसिडी नव्हती त्यांचे हप्ते वाढले. असं झालं की खरी तक्रार आणि खोटी बोंब एकाच पोत्यात जाते, मग कुणी निवडत बसत नाही. २०१७ मध्ये कायदा रद्द करायचा प्रयत्न झाला तेव्हा एका पाहणीत दिसलं की ओबामाकेअर आणि अफोर्डेबल केअर ॲक्ट हे त्या कायद्याचं अधिकृत नाव ही एकच गोष्ट आहे हे साधारण तिघांतल्या एकाला माहीत नव्हतं. शेवटी जुलै २०१७ मध्ये सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ ने तो प्रयत्न पडला, सिनेटर मॅककेन यांनी, रद्द करू म्हणणाऱ्यांच्याच पक्षातले, अंगठा खाली करून विरोधात मत दिलं. मुलाला विचारा, त्याला ते दृश्य आठवत असेल.

प्रश्न (सावंतवाडी): आमची माणसं वर्षानुवर्षं गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात. गोव्याने आमच्याकडून पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा फार वाईट वाटलं. शेजारधर्म काही आहे की नाही?

उत्तर: वाईट मलाही वाटलं होतं. जानेवारी २०१८ पासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं आणि आपल्याकडे दोडामार्गात आंदोलन पेटलं. पण एकदा म्हापशाच्या माणसाच्या जागी बसून बघा, त्याच्या कराच्या पैशातून चालणाऱ्या हॉस्पिटलात त्यालाच खाट मिळत नाही म्हटल्यावर तो काय बोलेल. तेव्हा आपल्या पुढाऱ्यांनी गोव्याला भरपूर शिव्या घातल्या, ते सोपं होतं, सिंधुदुर्गात इतकी वर्षं मेडिकल कॉलेज का नव्हतं हा प्रश्न त्यात आपोआप मागे पडला. आता ओरोसला सरकारी कॉलेज सुरू झालंय, अलिबाग आणि रत्नागिरीलाही झालंय. पाट्या लागल्या. तिथे न्यूरोसर्जन आहे का, रात्री दोन वाजता अपघाताची केस आली तर घेतात का की चिठ्ठी लिहून पुढे पाठवतात, हे विचारत राहायला हवं, शेजारधर्म त्यानंतर.

प्रश्न (चिपळूण): मी डॉक्टर आहे, १५ खाटांचं छोटं हॉस्पिटल चालवतो. सुधारणेला डॉक्टरच विरोध करतात असं सर्रास बोललं जातं. योजनेचे दर परवडत नाहीत, क्लेम महिनोन्महिने अडकतात, स्टाफचा पगार मी कुठून देऊ? यावर पण लिहा.

उत्तर: लिहिते डॉक्टर, पण दोन्ही बाजू लिहिते हं. डॉक्टरांचा विरोध ही नवी गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये जुलै १९४८ ला मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, त्याच्या पाच महिने आधी तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतलं तर जवळपास नव्वद टक्के विरोधात. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात जुलै १९६२ मध्ये डॉक्टर २३ दिवस संपावर होते. अमेरिकेत १९६१ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने चक्क एका नटाच्या आवाजात ग्रामोफोन रेकॉर्ड काढली, सरकारी विमा आला की स्वातंत्र्य गेलं अशी, आणि डॉक्टरांच्या बायकांनी मैत्रिणींना कॉफीला बोलवून ती ऐकवली. तो नट रेगन, वर ज्यांचा किस्सा सांगितला तेच. आज ब्रिटनमध्ये त्या सेवेला हात लावायची कुठल्या पक्षाची हिंमत नाही आणि तिथले डॉक्टरही तिच्या बाजूने उभे राहतात.

पण राजस्थान बघा. मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा, इमर्जन्सीत आधी पैसे न मागता उपचार द्यायचे असा, मंजूर झाला आणि खाजगी डॉक्टर रस्त्यावर आले, ओपीडी बंद, ४ एप्रिलला तडजोड झाली आणि ५० पेक्षा कमी खाटांची खाजगी रुग्णालयं कायद्यातून बाहेर ठेवली. टीव्हीवर ते डॉक्टर विरुद्ध गरीब असं दिसलं. त्यांचा एक प्रश्न मात्र अगदी रास्त होता: इमर्जन्सी म्हणजे नक्की काय, आणि उपचार केल्यावर पैसे कोण, कधी देणार? हा प्रश्न तुमचाच आहे. अपघातातल्या माणसाला आधी उपचार द्यायचे हे तर सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय, त्यावर वाद नको. बिल मात्र सरकारने वेळेत भरावं, ते भरलं नाही की १५ खाटांचं हॉस्पिटल यादीतून बाहेर पडतं आणि मग गुहागरच्या दादांना काउंटरवर डिपॉझिट मागितलं जातं. बघा, त्यांचं पत्र आणि तुमचं पत्र एकाच कॉलममध्ये छापलंय ते मुद्दाम.

माझी तक्रार एवढीच आहे की तुमची संघटना दरांसाठी निवेदन देते ते जोरात, आणि दरपत्रक भिंतीवर लावायचा नियम आला की तेवढ्याच जोरात आडवी जाते. तुमच्या हॉस्पिटलात लावलंय का? लावलं असेल तर फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापते.

प्रश्न (राजापूर): माझं वय ७३, शिक्षक म्हणून पेन्शन आहे. मुलगा म्हणतो बाबा ते कार्ड गरिबांचं, आपल्याला लाज वाटायला हवी. मला मिळेल का आणि घ्यावं का?

उत्तर: मिळेल गुरुजी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. मुलाची खाजगी पॉलिसी असली तरी चालतं, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची सीजीएचएस ही आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असेल तर मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. लाज कसली, आयुष्यभर कर भरलात ना! घ्या. जायच्या आधी आधारवरची जन्मतारीख तेवढी बघा, आपल्याकडे अर्ध्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जानेवारीचाच लिहिलेला असतो आणि वर्षही अंदाजाने टाकलेलं, ते सत्तरच्या खाली दाखवत असेल तर कार्ड निघणार नाही, मग शाळेचा दाखला घेऊन आधी आधार दुरुस्त करा. दाखला कसा शोधायचा ते गुरुजींना मी काय सांगणार.